शेवटची रेघ

परवा रात्री साडेदहाला मी बेसिनपाशी उभी राहून बाटलीतलं पाणी ओतून दिलं. सहाएकशे मिली असेल. बाटली म्हणजे हल्ली सगळ्यांकडे असते तीच, दोन लिटरची, अंगावर रेघा, रेघांशेजारी वेळा छापलेल्या, सकाळी आठ, दहा, बारा, आणि मधेमधे उगाच धीर देणारी वाक्यं, "मस्त चाललंय", "थोडंच राहिलं". तर पाणी शेवटून दुसऱ्या रेघेवर अडकलेलं, पोट डब्ब, आता प्यायलं तर रात्री दोनदा उठणं आलंच. म्हणून ओतलं. ओतलं ते ओतलं, पण मग फोन उचलून ॲपमध्ये "प्यायले" वर बोटही ठेवलं. स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे उडाले. सलग एकविसावा दिवस पूर्ण, अभिनंदन. घरात सगळे झोपलेले, कोणी बघितलं नाही, बघितलं असतं तरी कोणी काय बोललं असतं, पाणीच तर होतं. पण अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की मी ते पाणी बेसिनच्या कडेकडेने, हळूहळू ओतलं होतं. आवाज होऊ नये म्हणून.

हे जरा खुपलंच.

वजन कमी करायचं ठरवलं त्याला आता दोन महिने झाले. डाएटिशियन मॅडमनी एक कागद दिला होता, तो फ्रीजवर लावलाय. त्या कागदावर सगळं "नको" आहे. हे नको, ते अर्धंच, रात्री आठनंतर काही नको, चहात साखर नको. आख्ख्या कागदावर "घ्या" असं एकच वाक्य, पाणी भरपूर प्या. मला वाटतं पाण्याची एवढी चलती आहे ती यामुळेच. बाकी सगळ्यात काहीतरी सोडायचं असतं, हे एकच असं की काही न सोडता करता येतं. समोरची बशी बाजूला सारायला जी ताकद लागते ती बाटली उचलायला लागत नाही. मग आपण काय करतो, जे अवघड आहे ते नंतर बघू म्हणतो आणि जे सोपं आहे त्याचा हिशोब ठेवतो, ॲप ठेवतो, बाटलीवर रेघा ठेवतो. मॅडमनी पंधरा दिवसांनी विचारलं, पाणी किती होतं दिवसाला, तर मी ताडकन तीन लिटर म्हणून सांगितलं. खरं दीडच्या वर नव्हतं. बिस्किटांबद्दल मी खोटं बोलले असते तर समजू शकते, पण पाण्याबद्दल कोण खोटं बोलतं.

आणि हे दिवसाला आठ ग्लास पाणी प्या म्हणतात ते कुठून आलं हे शोधायला बसले तर निघालं काय, तर १९४५ साली अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने एक आकडा दिला होता, मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी. पण लगेच पुढच्या वाक्यात म्हटलं होतं की यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. आकडा लोकांच्या लक्षात राहिला आणि ते पुढचं वाक्य गळालं. २००२ मध्ये हाइन्झ वाल्टिन नावाच्या, मूत्रपिंडावर आयुष्य घालवलेल्या डॉक्टरांनी सगळी जुनी कागदपत्रं चाळली आणि सांगितलं की धडधाकट माणसाने रोज आठ ग्लास प्यायलाच पाहिजेत याला काही आधार सापडत नाही. यालाही आता वीसेक वर्षं होऊन गेली. बाटलीवरच्या रेघा आहेत तिथेच आहेत.

मग दुसरी एक गोष्ट असते, व्हॉट्सॲपवर दर दोन महिन्यांनी येते, की पाणी प्यायलं की मेटाबॉलिझम तीस टक्क्यांनी वाढतो. हा आकडा हवेतून आलेला नाही बरं का. २००३ मध्ये बर्लिनमध्ये मायकल बॉशमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौदा निरोगी माणसांना अर्धा-अर्धा लिटर पाणी पाजून मोजलं होतं आणि अर्ध्यापाऊण तासात ऊर्जेचा खर्च खरोखर ३० टक्क्यांनी वर गेलेला दिसला. पण तीस टक्के कशाचे? माणूस नुसता पडून असताना जे काही जळतं त्याचे, आणि तेही थोडाच वेळ. सगळं धरून अर्ध्या लिटरमागे जेमतेम २४ किलोकॅलरी. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका गटाने असंच मोजून बघितलं तर साध्या पाण्याने काहीच नाही, आणि ३ अंशाच्या थंडगार पाण्याने तासाभरात साडेचार टक्के. मी एकदा रात्री कागद घेऊन बसले. बर्लिनवालेच खरे धरू, रोज दोन लिटर धरू, तर ९६ किलोकॅलरी. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७००. म्हणजे ऐंशी दिवसांत एक किलो, आणि तेही त्या ऐंशी दिवसांत मी दुसरीकडे कुठे एक घास जास्त खाल्ला नाही तर. बर्फाचं पाणी प्या म्हणजे ते तापवायला शरीराला कष्ट पडतात असंही सांगतात, तेही गणित केलं. ४ अंशाचं दोन लिटर पाणी ३७ ला न्यायचं तर ६६ किलोकॅलरी. दीड-दोन बिस्किटं. तेवढ्यासाठी दिवसभर दात शिरशिरवून घ्यायचे.

तरी मी पीत राहिले. आणि रोज सकाळी काट्यावर उभी राहत राहिले.

काट्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडचा वजनाचा काटा माझ्यासाठी घेतलेला नाही. तो बाबांचा. त्यांचं हृदय कमजोर झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसाला एक लिटर. सगळं मिळून एक लिटर, पाणी, चहा, सूप, गोळी गिळायचा घोटसुद्धा त्यातच. आणि रोज सकाळी वजन, लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्याप्यायच्या आधी, साधारण त्याच कपड्यांत. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर थांबायचं नाही, फोन करायचा. कारण ते वाढलेलं वजन खाण्याचं नसणारच, ते पाणी. हृदय जोर लावून पुढे ढकलू शकत नाही ते पाणी, पायात उतरणारं, फुप्फुसात साठणारं. आई त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबून बघायची, खड्डा पडायचा आणि तो भरायला किती वेळ लागतो हे ती तोंडातल्या तोंडात मोजायची.

सकाळी आई एक लिटरची बाटली भरून त्यांच्या टेबलावर ठेवायची. बरोबर मध्यावर मार्करने रेघ, जेवणाच्या वेळेपर्यंत पाणी तिच्या खाली जाता कामा नये. आणि बाबा चहा प्यायले की आई त्याच कपाने मोजून बाटलीतलं तेवढं पाणी काढायची आणि खिडकीतल्या कुंडीत ओतायची. बाबांच्या समोर. दुसरा काही उपाय नव्हता, पण मला ते बघवायचं नाही. बाबा कुंडीकडे बघत बसायचे. एकदा म्हणाले, "हिचं बरंय, हिला कोणी विचारत नाही किती प्यायलीस." आई म्हणाली, "अहो, ती मातीतली आहे, तिच्या पायाला सूज येत नाही." दोघंही हसले होते, हे मला स्पष्ट आठवतंय, आणि हसताना बाबांची जीभ टाळ्याला चिकटून सुटल्याचा आवाज आला होता. तोंड कोरडं पडलं की येतो ना, चिक् असा. तो आवाज त्या वर्षभर घरात होता. बर्फाचा खडा चघळायला द्यायचो, खड्याचंही पाणी मोजायचो. मी तहान लागली की स्वयंपाकघरात जाऊन, पाठ करून प्यायचे, आणि गिळताना घशाचा गटक् आवाज होऊ नये म्हणून अगदी लहान घोट घ्यायचे. पाण्याचा आवाज लपवायची सवय मला तिथे लागली असणार.

गुळण्या करायला मात्र परवानगी होती. मग बाबांच्या गुळण्या लांबायला लागल्या. बाथरूमचं दार लावून दहा-दहा मिनिटं. आई बाहेर कान देऊन उभी, गुळणी थुंकल्याचा आवाज येतोय का. येतोय, येतोय, मग मधेच एक येत नाही. नळ बारीक सोडलेला, भिंतीला धरून येणारी धार, ती ओंजळीत घेतली की आवाजच होत नाही. बाहेर आल्यावर चेहरा कोरडा पुसलेला, अगदी साळसूद. आई काही बोलायची नाही. सकाळी काटा बोलायचा. आठशे ग्रॅम वर. "हा काटा चुगलखोर आहे," बाबा खाली उतरताना म्हणायचे, रोज जवळजवळ त्याच सुरात.

त्याच काट्यावर आता मी उभी असते आणि माझं वजन आठशे ग्रॅम वर दिसलं तर दिवसभर तोंड पाडून फिरते. हे कळत असूनही की आठशे ग्रॅम ही एका रात्रीत आलेली चरबी असूच शकत नाही, त्यासाठी सहा हजार किलोकॅलरी जास्तीच्या खाव्या लागतील. एकदा मुद्दाम बघितलं, काट्यावर उभी राहिले, उतरले, दोन मोठे ग्लास पाणी प्यायले, परत चढले. अर्धा किलो वर. बरोबर आहे, अर्धा लिटर पाणी अर्धा किलोच असणार, पोटात असो की ग्लासात. शाळेतलं आहे हे. तरी तो आकडा बघून पोटात खड्डा पडलाच. आणि पहिल्या आठवड्यात जे दोन किलो उतरले होते, ज्याचं मी सगळ्यांना सांगत सुटले होते, ते पण मुख्यतः पाणीच होतं. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे शरीराची राखीव साखर, साठवलेलं असतं, त्याच्या एका ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी धरून असतं, खाणं कमी केलं की आधी ते खर्च होतं आणि त्याच्यासोबतचं पाणी वाहून जातं. परत नीट जेवलं की परत येतं. २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट शंभर ग्रॅमनी बाद झाली तेव्हा सगळ्यांसारखी मीही हळहळले होते, रात्रभर घाम काढला, पाणी नाही, केससुद्धा कापले. शंभर ग्रॅम म्हणजे चार-पाच घोट. तेव्हा मला बाबा आठवले होते, इतकंच, कुस्तीतलं मला काही कळत नाही.

पण मग पाण्याचा काहीच उपयोग नाही का? तसंही नाही, आणि इथे मला जरा प्रामाणिक राहायला हवं, कारण रागाच्या भरात सगळंच थोतांड म्हणून टाकणं पण सोपंच असतं. जेवणाआधी अर्धा लिटर पाणी, यावर बरे प्रयोग झालेत. २०१० मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात पंचावन्न ते पंच्याहत्तर वयाची अठ्ठेचाळीस माणसं घेतली, सगळ्यांना कमी खायला सांगितलं, त्यातल्या निम्म्यांना तिन्ही जेवणांआधी अर्धा लिटर पाणी. बारा आठवड्यांनी पाणीवाले बाकीच्यांपेक्षा साधारण दोन किलोने जास्त उतरलेले. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला चौऱ्याऐंशी जणांवर असंच काहीतरी, तिथे फरक १.३ किलोचा. त्या दुसऱ्या प्रयोगातली एक गंमत मला फार आवडली, ज्यांना पाणी द्यायचं नव्हतं त्यांना सांगितलं होतं, जेवायच्या आधी पोट भरलंय अशी कल्पना करा. मी डोळ्यांसमोर आणते ती माणसं, ताटासमोर डोळे मिटून बसलेली. तर पाण्याने एवढंच होतं, पोटात थोडी जागा अडते आणि दोन घास कमी जातात. तेही वय झालेल्यांना जास्त, त्यांचं पोट सावकाश रिकामं होतं म्हणून म्हणे. नुसतं पाणी फार वेळ टिकत नाही, झरझर पुढे सरकतं. म्हणून तर तेच पाणी अन्नात शिजवून सूप केलं तर जास्त वेळ पोट भरल्यासारखं वाटतं, १९९९ मध्ये बार्बरा रोल्स या आहारावर संशोधन करणाऱ्या बाईंनी हे नीट दाखवलंय, तेच जिन्नस, तेवढंच पाणी, शेजारी ग्लासात ठेवलं तर फरक नाही, आणि सूप करून दिलं तर लोक पुढे जेवले कमी.

आणि माझ्यापुरतं बोलायचं तर सगळ्यात मोठा फरक पडला तो याने नाहीच. मी दुपारी ऑफिसात अर्ध्या लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्यायचे, रोज नाही पण आठवड्यातून चारदा धरा. एका बाटलीत पन्नास ग्रॅमच्या वर साखर, दोनशेच्या पुढे किलोकॅलरी. आता त्या जागी पाणी असतं. पाण्याने काही जाळलं नाही, पाणी फक्त त्या खुर्चीत बसलं, दुसऱ्याला बसू दिलं नाही. ही गोष्ट कोणी फॉरवर्ड करणार नाही. यात टक्केच नाहीत.

चार वाजता बिस्किटांची आठवण येते तेव्हा पण मी आधी पाणी पिते. भूक नव्हतीच तहानच होती असं म्हणतात, मला काही तसं वाटत नाही. ती तहान नसते. भूकही नसते. कंटाळा असतो, नाहीतर कोणाच्यातरी मेलचा राग. पाणी प्यायला उठते, कूलरपर्यंत चालत जाते, ग्लास भरेपर्यंत उभी राहते, पिते, परत येते. निम्म्या वेळा तेवढ्यात राग उतरतो. निम्म्या वेळा परत येऊन बिस्किटं खाते. पाण्यासकट.

तहान ही किती नेमकी गोष्ट आहे हे बाबांच्या वेळी कळलं होतं आणि मी विसरून गेले होते. रक्त एखाद-दोन टक्क्यांनी जरी घट्ट झालं तरी मेंदूला कळतं आणि घशाला कोरड पडते. आणि पाणी प्यायलं की ते रक्तात पोचायच्या कितीतरी आधी, नुसतं गिळण्यानेच तहान शांत व्हायला लागते, शरीर अंदाज बांधतं की एवढं पुरेल. असा अंदाज आपल्या आत असताना आपण बाटलीवर वेळा छापून घेतो. म्हातारपणी हा अंदाज मंदावतो हे खरं, आईला मी मुद्दाम आठवण करून देते. उन्हात काम करणाऱ्याचं, मुतखडा झालेल्याचं गणित वेगळं. पण मी एसीत बसते. आणि जास्तीचंही जास्त होतंच, २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातलं क्षार, धोकादायक इतकं खाली गेलेलं निघालं, जास्तीच्या पाण्याने ते पातळ होतं, आणि त्यात धावताना वजन वाढलेले जास्त होते. बेचाळीस किलोमीटर धावून वजन वाढलं! पाणी प्या, पाणी प्या ऐकून ऐकून.

जाता जाता एक, मला अलीकडेच कळलेलं. वजन उतरतं तेव्हा चरबी जाते कुठे? मला वाटायचं घामातून, लघवीतून, म्हणजे पाण्यावाटेच, म्हणूनच तर भरपूर पाणी प्यायचं, सगळं वाहून जायला. २०१४ मध्ये रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी अणू मोजून हिशोब मांडला, दहा किलो चरबी जळली तर त्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर जातात आणि फक्त १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे जे काही उतरतंय ते नाकावाटे, गुपचूप, झोपेत सुद्धा. त्याला ना रेघ ना ॲप.

रविवारी आईकडे गेले होते तेव्हा तिला बेसिनची गोष्ट सांगितली. तिला हसू येईल वाटलं होतं. ती उठली आणि कपाटातून वही काढून आणली, बाबांच्या वजनाची. मला वाटलं होतं ती कधीच रद्दीत गेली असेल. रोजची तारीख, पुढे किलो, आईचं टपोरं अक्षर. मधेच एका पानावर ६३.८, खाली दुसऱ्या दिवशी ६४.६, आणि त्याच्यापुढे आईने लिहिलेलं, "पाणी?" आणि त्याच्यापुढे बाबांच्या बारीक तिरक्या अक्षरात, "नाही." पूर्णविरामासकट. मी बराच वेळ ते पान धरून बसले. आई म्हणाली, "मला माहीत होतं गं. मी कधी कधी मुद्दाम आत निघून यायचे. किती ऐकत उभं राहणार." मग मला विचारलं, "तू पितेस ना नीट पाणी?" मी हो म्हटलं.

काल रात्री बाटली परत त्याच रेघेवर अडकली. तशीच ओट्यावर ठेवून झोपले, ॲपने साडेदहाला दोनदा टिंग टिंग केलं, उलटा करून ठेवला फोन. एकविसाचे बावीस, तेवीस असं काहीतरी झालं असेल ते तिथे तुटलं. पहाटे कधीतरी जाग आली, तोंड कोरडं, जीभ टाळ्याला चिकटलेली. अंधारातच बाथरूममध्ये गेले, नळ बारीक सोडला आणि ओंजळीने प्यायले, चार-पाच ओंजळी, हनुवटीवरून गळ्यावर ओघळ, गाऊनची कॉलर ओली. सकाळी काटा तीनशे ग्रॅम वर होता.

चुगलखोर मेला.